कंबरेची गोळी आन बारशाच्या घुगऱ्या

कंबरेच्या गोळीचं गिऱ्हाईक मी रस्त्याच्या पल्याडनं वळखायचो, ह्या कामात इंदापुरात माझा हात धरणारा कुणी न्हाय. ही गोळी निघाली त्या पयल्याच वर्षी असा एक जण दुकानाम्होरं घुटमळताना दिसला, म्हणून त्याला बाजूला घेतला आन कानात म्हणालो, "लाजू नका, चिठ्ठी नसली तरी बगू," तर त्यो औषधखात्याचा साहेब निघाला.

साहेबानं दुकान वरखाली बघितलं. साहेब गेल्यावर मालकीणबाईंनी मला वरखाली बघितलं आन ताकीद दिली: चिठ्ठी असंल तरच गोळी, आन इथनं पुढं कुणाच्या कानात बोलायचं न्हाय. जे काय असंल ते तोंडावर.

मी मेहबूब तांबोळी. स्टँडाजवळच्या मेडिकलात सगळी उमर उभ्यानं काढली. बसायला स्टूल हुतं, पण त्याच्यावर खोकी ठिवलेली असायची. शाळा म्हणाल तर चौथीपातूर. शाळेनं मला सोडलं का मी शाळेला, ह्याच्यावर घरात अजून वाद हाय. दिवाळी अंकवाली मंडळी आली आन म्हणाली, "चाचा, तुमी बोला, आमी उतरून घेतो, फकस्त विषय जरा सभ्य ठिवा." मी म्हणालो, डोकेदुखीवर सांगतो. त्येंनी एकमेकाकडं बघितलं आन मंग त्येंचीच त्येंनी कंबरेच्या गोळीवर गाडी आणली.

आमच्या मालकीणबाईंना समदं गाव मॅडम म्हणतं. शिकल्याल्या, लायसन त्येंच्या नावावर, बोलायला चोख. बापय माणूस मोठ्या हिमतीनं दुकानाची पायरी चढायचा, समोर मॅडम दिसल्या की घसा खाकरायचा आन खोकल्याची गोळी घिऊन जायचा. माझ्या हिशेबानं इंदापूर तालुक्यातला निम्मा खोकला मॅडममुळं हुता. मॅडम दुपारच्या जेवायला घरी गेल्या की तीच माणसं परत यायची. घसा मोकळा झालेला असायचा.

कंबरेची गोळी म्हंजी काय ते आता उघड सांगायला पायजे. नवरा-बायकूच्या कामात गड्याला जी अडचण येती तिची ही गोळी. कंबरेचा आन तिचा काय संबंध न्हाय, पण नाव पडलं ते पडलं. एकदा तर खरोखरच कंबर धरलेला गडी आला, बिचारा वाकून चाललेला, त्याला बी मी डोळा मारून इचारलं. त्यो मारायला उठला, पण कंबरेमुळं त्याला उठता येईना, म्हणून मी वाचलो.

तर ह्या गोळ्यांच्या जाती हायत, पण दोनच धरा. एक घेतली की चार-पाच तासात तिचं काम सपलं. दुसरी अंगात दीड-दोन दिवस ऱ्हाती. स्टँडाजवळ राहून राहून मी त्येंना नावं ठिवली हुती, पयली शटल आन दुसरी मुक्कामी. मॅडमला ही नावं पसंत नव्हती, पण गिऱ्हाइकाला पटकन कळायचं. दोन्हीचं काम एकच, रगताच्या नळ्या ढिल्या करायचं. आता माणूस काय करतो, एकीनं भागलं न्हाय की दोन्ही मिळून घेतो. त्याला वाटतं दोन बैल जुपलं की गाडी जोरात. तसं हुत न्हाय. काम वाढत न्हाय, तरास वाढतो. डोस्कं ठणकतं, चक्कर येती, बीपी खाली येतंय, आन एखाद्याचं तर जे उठावं म्हणून गोळी घेतली ते तासन् तास बसतच न्हाय, दुखाय लागतं, आन दवाखाना गाठावा लागतो.

ह्याच्याबी पुढची गोष्ट म्हंजी छातीची गोळी. ज्याला हार्टचा तरास हाय त्याला डाक्टर जिभेखाली धरायची बारकी गोळी देत्यात. ती बी नळ्याच ढिल्या करती, आन लई झटक्यानं. मॅडमनी मला ह्ये शेतीतनं समजावलं, कारण दुसरं मला कशातनंबी कळत न्हाय. त्या म्हणाल्या, "चाचा, एका मोटरीवर सगळे व्हॉल्व्ह एकदम सोडले तर काय होतं?" मी म्हणालो, शेवटच्या सरीला पाणी जात न्हाय. "तसंच," त्या म्हणाल्या, "आणि माणसाची शेवटची सरी म्हणजे डोकं आणि काळीज." तवापास्नं मी कंबरेची गोळी देताना छातीचं इचारल्याबिगर ऱ्हायलो न्हाय. लघवीच्या गोळीचंबी इचारायचो. कोऱ्हाळ्याचा एक गडी प्रोस्टेटची गोळी चालू असताना ही बी घिऊन खाटंवरनं झटक्यानं उठला, चक्कर आली आन कोंबड्यांच्या खुराड्यावर बसला. कोंबड्या वाचल्या, खुराडं गेलं. बाजारात तंबूत बसून जडीबुटीचं चूर्ण इकत्यात, त्यातबी कवाकवा हीच गोळी कुटून घातलेली असती. म्हंजी माणसाला वाटतं झाडपाला खातोय, आन खातोय डबल.

इचारायला मी इचारायचो. पण खरं कोण सांगतंय? आमच्याकडं एक रीतच हाय. बारामतीच्या गड्याला ही गोळी पायजे असली की त्यो इंदापूरला येतो. इंदापूरच्याला पायजे असली की त्यो बारामतीला जातो. आपल्या गावात कुणी बघू नये म्हणून. एसटीला तेवढीच भर. आन बिलाला नाव इचारलं की जो त्यो रामभाऊ. आडनाव सुचलं तर पाटील. आता बघा, छातीची गोळी बारामतीच्या दुकानातनं आन कंबरेची इंदापुरातनं, तर कुठल्या दुकानदाराला कळणार ह्या गड्याच्या पोटात काय काय चाललंय?

मी दुसऱ्याला हसतोय, पण मीबी तसलाच. साठी जवळ आल्यावर मलाबी चिठ्ठी मिळाली, तर मी आपल्या दुकानात काचंमागं गोळी असताना सुट्टी काढून बारामतीला गेलो. तिथल्या दुकानात माझ्याम्होरं तिघं उभं, तिघंबी माझंच गिऱ्हाईक. कुणी कुणाला वळखलं न्हाय. काउंटरवरच्यानं नाव इचारलं. मी म्हणालो, रामभाऊ. त्यानं माझ्या दाढीकडं बघितलं आन लिवून घेतलं.

आता तात्यांची गोष्ट. मी काम सोडायच्या जरा आधीची.

दुपारची येळ, मॅडम जेवायला गेलेल्या. पायरीवर एक पाव्हणं आलं. पांढरीफेक कापडं, टोपी, कपाळाला गंध, अंगाला अत्तराचा वास. कुठल्यातरी कार्यातनं आलेलं दिसत हुतं.

"सोडा हाय का?"

"सोडा शेजारी मिळतो."

"मग हितं काय मिळतं?"

"औषधं."

"कशावरची?"

"तुमाला काय हुतंय त्याच्यावरची."

त्येंनी एकदा रस्त्याकडं बघितलं, एकदा आत बघितलं आन खिशातनं घामानं ओली झाल्याली, वरचं नाव पुसल्याली चिठ्ठी काढली. नाव इचारलं तर रामभाऊ, गाव भिगवण. चिठ्ठीवर डाक्टरनी दोन्ही जाती लिहून दिलेल्या, एक लागू न्हाय झाली तर दुसरी बघायची, असं. मुक्कामी त्येंनी आधीच कुठनंतरी घेतल्याली, आता शटल पायजे हुती.

"काल रातच्याला घेतली एक," पाव्हणं म्हणालं. "म्हैस पान्हावली न्हाय. आज ती आन ही, दोन्ही मिळून घेतो."

मग मी माझं भाषण चालू केलं. दोन मिळून घ्यायची न्हाय, मुक्कामी अजून अंगात हाय, दोन दिवस जाऊ द्या, मग ही एकटीच घ्या. तरास झाला तर दवाखान्यात रामभाऊ म्हणून चालत न्हाय, तिथं आधार कार्ड लागतं. त्यावर पाव्हणं हसलं. मी इचारलं, छातीचं काय हाय का, जिभेखालची गोळी बिळी?

"छाती?" असं म्हणून त्येंनी छातीवर बुक्की मारली. "रेडा उचलून टाकतो अजून. जिभंखालची गोळी म्हाताऱ्यांला लागती."

बुक्कीचा आवाज चांगला आला. माझा इस्वास बसला. मी गोळी दिली.

रुमाल काढताना त्येंच्या खिशातनं कागदाची पुडी खाली पडली. बारशाच्या घुगऱ्या हुत्या. म्हणालं, घ्या घ्या, लेकीच्या पोरीचं बारसं हुतं, पयली नात हाय. माझ्या हातावर मूठभर घातल्या. शिजवल्यालं गहू, हरभरं, खोबऱ्याच्या कातळ्या, आन वरनं डाळिंबाचं दाणं. घुगऱ्यांत डाळिंब मी जल्मात पयल्यांदा बघितलं. जावयाची बाग असंल, म्हणून हौसेनं घातलं असंल. पाव्हणं खूष हुऊन गेलं, मीबी खूष हुऊन खात बसलो. एका माणसाला बरोबर सल्ला दिला, वर घुगऱ्या. ह्याच्यापरीस चांगली दुपार कुठली?

तेवढ्यात मॅडम आल्या आन त्येंच्या मागनं एक काकू आल्या. काठापदराची साडी, हातात झाकणाचा डबा. मॅडमना चिठ्ठी देऊन म्हणाल्या, आमच्या मालकांची जिभेखालची गोळी द्या, सरत आलीया, जवळ असली म्हंजी जिवाला बरं. बारामतीतनंच घेतो आमी, पण गाडीला येळ हाय म्हणून आली. मॅडमनी चिठ्ठी बघून पाकीट दिलं. काकूंनी जायच्या आधी डब्याचं झाकण काढलं.

"घ्या बाई, नातीचं बारसं हुतं."

डब्यात गहू, हरभरं, खोबरं. आन वरनं डाळिंबाचं दाणं.

माझं चावायचं थांबलं. तोंडातल्या घुगऱ्या आन डब्यातल्या घुगऱ्या एकाच पातेल्यातल्या. गड्यानं नाव खोटं सांगितलं, गाव खोटं सांगितलं, छातीवर बुक्कीबी खोटी मारली, पण नातीच्या घुगऱ्या वाटल्याबिगर त्याला ऱ्हावलं न्हाय.

बाईच्या देखत तिच्या नवऱ्याची ही गोष्ट काढायची कशी? मी घुटमळलो, तवर काकू पायरी उतरून गेल्या. मग मॅडमना सांगितलं. तोंडात घास हुता, त्येंना आधी काय कळंना. कळल्यावर त्येंनी दोनच गोष्टी इचारल्या, कुठली घेतली आन कवा घेतली. मी सांगितलं, मुक्कामी, काल रातच्याला.

"पळा चाचा," मॅडम म्हणाल्या. "छातीत दुखलं तर त्यांना ती जिभेखालची गोळी द्यायची नाही. सरळ दवाखाना, आणि तिथं सांगायचं काय घेतलंय ते."

मी पळालो. पळालो म्हंजी माझं पोट पुढं पळत हुतं, मी मागनं. एक चप्पल रसवंतीपाशी तुटली. स्टँडावर ही गर्दी. मी मधोमध उभा राहून वरडलो, "रामभाऊ!" चार-पाच रामभाऊ उठून उभं ऱ्हायलं, सगळं खरं रामभाऊ. आपला खोटा रामभाऊ त्यात नव्हता, त्याला त्याचं नाव आठवत असंल तर ना. कंट्रोलच्या खिडकीवर गेलो आन म्हणालो, माईकवरनं पुकारा करा. त्यो म्हणाला, काय म्हणून पुकारू?

भिगवणची गाडी लागली हुती. तिच्यात चढलो, समदी तोंडं बघितली, उतरलो. आन मंग पायरीवरच माझ्या डोस्क्यात उजेड पडला. अरे मेहबूब, तू सोता ह्या गोळीसाठी बारामतीला जातुयास. मग इंदापुरात येणारा गडी कुठला असंल? माझी अक्कल नव्हं ही, माझी लाज कामाला आली.

बारामतीची गाडी मागं घेत हुती. दारात लटाकलो आन आत गेलो. खिडकीपाशी आमचं पाव्हणं. त्वांड घामेजलेलं, हात छातीवर, आता बुक्कीचा न्हवं. शेजारी काकू, पाकीट फोडून गोळी हातात घेतल्याली, म्हणत हुत्या, "जीभ वर करा बरं."

मी ती गोळी हिसकावली. परक्या बाईच्या हातातनं, भरल्या गाडीत. पुढचं सांगायला नगं, कंडक्टरनं मानगूट धरली, मागनं कुणीतरी पाठीत दिली. पाव्हण्यांनी माझ्याकडं बघितलं आन म्हणालं, "मी ह्या माणसाला वळखत न्हाय."

मी त्येंच्या कानाकडं वाकलो. आन मला मॅडमची ताकीद आठवली. आता कानात बोलण्यात अर्थच नव्हता, ऐकायचं काकूंना हुतं.

"काकू," मी भरल्या गाडीत म्हणालो, "ह्येंनी काल रातच्याला कंबरेची गोळी खाल्लीया, नवरा-बायकूच्या कामाची. ती अजून अंगात हाय. तिच्यावर ही जिभेखालची गेली तर बीपी पार तळाला जातंय, माणूस हाताला लागत न्हाय. ही देऊ नका. खाली उतरा, दवाखाना जवळ हाय."

डायवरनं इंजिन बंद केलं, त्यालाबी ऐकायचं हुतं.

काकू नवऱ्याकडं वळल्या. "घेतली का?"

पाव्हणं खिडकीतनं भाईर बघाय लागलं.

"घेतली का म्हणती मी."

"घेतली."

काकूंनी गोळ्यांचं पाकीट पिशवीत घातलं, डबा उचलला आन उभ्या ऱ्हायल्या. "उतरा."

बास. एवढंच. आमी तिघं रिक्षानं दवाखान्यात गेलो. डाक्टरला काकूंनीच सगळं सांगितलं, नाव, गाव, काय खाल्लं, कवा खाल्लं, न लाजता. भानुदासतात्या, वडगाव निंबाळकर, ऊस आन चार म्हशी. डाक्टरनी ईसीजीची पट्टी काढली, सुई टोचली, रगत तपासलं, सांजपातूर झोपवून ठिवलं. काळीज जाग्यावर हुतं. घुगऱ्या जादा झाल्या हुत्या, गॅस धरला हुता. पण डाक्टरनी तात्यांना खडसावून सांगितलं, की तुमी जिभेखालची गोळी आज धरली असती तर गॅसचा पेशंट भलतीकडंच गेला असता. छातीची गोळी चालू हाय तवर ह्या कंबरेच्या दोन्ही जाती बंद. अडचण असंल तर हार्टच्या डाक्टरला मोकळं सांगा, दुसरं उपाय असत्यात.

मी इचारलं, ज्यानं चिठ्ठी दिली त्या डाक्टरला छातीचं का न्हाय सांगितलं? तात्या म्हणालं, "त्येनं इचारलं हुतं. पण दाराशी ओळखीच्या बायका बसल्याल्या."

काकू चहा आणायला गेल्या तवा तात्या छताकडं बघत बोललं. "छातीचं दुखणं निघाल्यापास्नं ही रातीची माझ्या छातीवर हात ठिवून झोपती. धडधड हाय का न्हाय बघायला. मला वाटलं, एकदा हिला दाखवावं, मी अजून हाय म्हणून." मला थट्टा सुचली हुती, पण ती मी गिळली. तेवढी एकच गिळल्याली आठवती.

त्या गाडीतली माणसं पुढं दुकानात यायला लागली, एकेक करून, मॅडमच्या समोर. ह्याच्यावर ही चालती का, त्याच्यावर ती चालती का, बीपीची चालू हाय, मग? मॅडम शांतपणी सांगायच्या, न्हाय जमलं तर डाक्टरकडं धाडायच्या. इंदापूरचा खोकला त्या साली बराच कमी झाला. मीबी बारामतीची फेरी बंद केली आन मॅडमच्या हातात माझी चिठ्ठी दिली, माझ्या नावाची. त्या म्हणाल्या, "एवढी वर्षं कुठून घेत होता?" मी खोकलो.

तात्या अजून लेकीकडं आलं की दुकानात डोकावत्यात, मी असलो न्हाय तरी. खरं नाव सांगत्यात. नात आता पळती म्हणं. त्येंच्या हार्टच्या डाक्टरनी काय उपाय सांगितला ते मला ठाव न्हाय, पण तात्यांच्या चेहऱ्यावरनं बरं चाललंय.

पण त्या दिवसाचं एक ऱ्हायलं. सांजच्याला तात्यांना सोडलं. दवाखान्याच्या दारात मी एका पायात चप्पल घालून उभा. काकू बाहेर आल्या. मला वाटलं आता त्या आभार मानणार, तर त्येंना कशाला तरास, म्हणून मीच सुरवात केली.

"काकू, आज तुमचं कुकू ह्या मेहबूबनं वाचवलं बघा."

काकूंनी माझ्याकडं बघितलं, डब्याचं झाकण घट्ट लावलं आन म्हणाल्या, "कुकू घुगऱ्यांनी वाचवलं, भाऊ. तुमी तर गोळी इकली."